बेरजेचा क्रम आणि कम्पायलरची बटणं

(पोस्ट लांब आहे. तांत्रिक भाग आहे, पण गणिताची भीती बाळगू नका; तीन आकड्यांच्या बेरजेपलीकडे काही नाही.)

फळपीक विम्याचा हंगाम आला की आपल्याकडे एक वाद ठरलेला. शेतकरी म्हणतो, आमच्या शिवारात पाऊस पडला. कंपनी म्हणते, मंडळातल्या हवामान केंद्रात तो दिसत नाही. मग केंद्र कुठे बसवलंय, त्यावर झाडाची सावली पडते का, यंत्र बंद होतं का, यावर दोन-तीन महिने निघून जातात. हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण यंत्रातून आकडा बाहेर पडल्यानंतर पुढे संगणकात त्याची बेरीज-वजाबाकी कोणत्या नियमाने होते, हे कुणी विचारत नाही. द्राक्षाच्या विम्यात ठरावीक दिवसांत ठरावीक मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की भरपाई, तापमान ठरावीक अंशाच्या खाली उतरलं की भरपाई, असा हिशोब असतो. रेषेच्या अलीकडे शून्य, पलीकडे पैसे. अशा हिशोबात शेवटचा दशांश कसा आला याला किंमत आहे.

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे या नियमांशी रोजचा संबंध. त्यांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की त्यातला बराचसा आपल्या आसपासच घडलाय.

सुरुवात देवळालीतून करतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. उदाहरणार्थ ३५२४ : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा जगाला कळलं. हे आपलं नेहमीचंच.

६१७४ कोणत्याही संगणकावर काढा, कोणत्याही भाषेत प्रोग्रॅम लिहा, उत्तर ६१७४ च येणार. कारण या पूर्ण संख्या आहेत. (त्या संगणकाच्या मापाबाहेर गेल्या की काय होतं ते वेगळं रामायण आहे, इथे नको.) पाऊस, तापमान, वाऱ्याचा वेग मात्र पूर्ण संख्यांत येत नाही. तिथे संगणक जी पद्धत वापरतो तिला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, आणि तिथे शाळेतला एक मूलभूत नियम मोडतो : बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच, हा.

समजा लासलगाव बाजार समितीत एक कारकून आहे आणि त्याच्या वहीत प्रत्येक आकड्याचे फक्त पहिले तीन महत्त्वाचे अंक लिहायला जागा आहे. सकाळी एका मोठ्या व्यापाऱ्याचा १००० क्विंटल कांदा नोंदला. मग छोटे शेतकरी आले, प्रत्येकाचे ४ क्विंटल, असे १०० जण. कारकून १००० मध्ये ४ मिळवतो, १००४ होतात, पण वहीत तीनच अंक, म्हणून पुन्हा १००० लिहितो. पुढचे ४, पुन्हा १०००. शंभर शेतकरी येऊन गेले, वहीत १०००. आता उलट करा. आधी छोट्यांची बेरीज : ४, ८, १२, असं करत ४००. त्यात मोठ्याचे १००० मिळवा, १४००. कांदा तोच, कारकून तोच, वही तीच. फक्त क्रम बदलला आणि ४०० क्विंटलचा फरक पडला.

खऱ्या संगणकाच्या वहीत तीन नाही, साधारण सात किंवा सोळा अंक मावतात. फरक लहान पडतो, पण पडतो. आणि हवामानाच्या मॉडेलमध्ये अशा बेरजा अब्जावधींनी होतात.

आता कम्पायलर. प्रोग्रॅमर माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो, कम्पायलर त्याचं प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. रूपांतर करताना तो कोड वेगवान करायचा प्रयत्न करतो आणि किती मोकळीक घ्यायची हे सांगायला शेकडो ऑप्शन असतात. ही कम्पायलरची बटणं म्हणूया. बहुतेक बटणं निरुपद्रवी : वेग वाढतो, उत्तर तेच राहतं. पण काही बटणं कम्पायलरला चक्क परवानगी देतात की बाबा रे, बेरजेचा क्रम तुझ्या सोयीने लाव, भागाकाराऐवजी व्यस्ताने गुणाकार कर, शून्याचं चिन्ह विसर. सगळ्यांत बदनाम बटण म्हणजे जीसीसी या मोफत कम्पायलरमधलं 'फास्ट मॅथ'. एकच बटण, पण आत सात-आठ वेगवेगळ्या परवानग्या. आणि 'ओ-फास्ट' नावाचं दुसरं एक बटण दाबलं की हेही आपोआप दाबलं जातं. नाव 'फास्ट', कोण नको म्हणेल?

या गोंधळाला शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न १९८५ चा. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या मशीनचं गणित वेगळं होतं. बर्कलीचे प्राध्यापक विल्यम कहान यांच्या पुढाकाराने आयईईई ७५४ हे मानक आलं : आकडा कसा साठवायचा, शेवटचा अंक कसा राउंड करायचा, शून्याने भागलं तर काय. त्यात शून्याने भागाकार केला की 'अनंत' येतो, त्यात एक मिळवलं तरी अनंतच राहतो. आपल्या शेजारच्या चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख ज्या भास्कराचार्यांच्या घराण्याची आठवण जपतो, त्यांनी 'बीजगणिता'त शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटलं, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा वजा केलं तरी ती बदलत नाही असं लिहिलं. यावरून 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' असली पोस्ट मला करायची नाही. भास्कराचार्यांना प्रोसेसर बनवायचा नव्हता. सांगायचं इतकंच की नियम लिहून ठेवला की आठशे वर्षांनीही कुणी तो तपासू शकतं.

आता पुणे. १९८० च्या दशकात मान्सूनच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. मागितला एक्स-एमपी-२४, मिळाला कमी ताकदीचा एक्स-एमपी-१४, तोही कशासाठी वापरायचा याच्या अटींसकट. तो दिल्लीत बसला. त्या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विजय भटकर प्रमुख झाले, आणि १९९१ मध्ये परम ८००० आला. ही गोष्ट आपण स्वाभिमानाची म्हणून सांगतो, ते ठीकच. पण तिच्यात एक बारीक तपशील आहे जो कुणी सांगत नाही.

दिल्लीतला क्रे आयईईई मानक पाळत नव्हता. त्याची आकडे ठेवायची पद्धत स्वतःची, आणि वजाबाकी करताना हाताशी जो एक जास्तीचा अंक ठेवायला हवा तो त्यात नव्हता. वेगासाठी केलेली तडजोड. पुण्याचा परम ८००० मात्र इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपवर उभा होता. त्यातल्या टी-८०० चिपचं फ्लोटिंग पॉइंटचं गणित ऑक्सफर्डमधल्या लोकांनी आधी मानकाचे नियम गणिती भाषेत काटेकोर लिहून, मग त्या लिखाणाशी ताडून तपासलं होतं. त्या कामाला १९९० मध्ये ब्रिटनचा क्वीन्स अवॉर्ड मिळाला. म्हणजे वेगात आपलं मशीन परदेशी मशीनच्या किती जवळ गेलं यावर तेव्हा पानंच्या पानं लिहिली गेली, आणि त्यातल्या चिपची बेरीज-वजाबाकी कागदावर सिद्ध केलेली होती ही बाब कुणाच्या लेखी नव्हती. माझ्या मते परमच्या गोष्टीतला सगळ्यांत रंजक भाग तोच आहे.

त्याच १९९१ साली, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियात धहरानला इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडून २८ जण मेले. पॅट्रियट यंत्रणेने ते अडवायला हवं होतं. तिचं घड्याळ दहावा भाग सेकंद मोजायचं, पण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत संपतच नाही, एक भागिले तीन दशमानात संपत नाही तशी. ती २४ बिटांत तोडून ठेवली होती. शंभर तास यंत्रणा सलग चालू राहिल्यावर चूक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटर पुढे जातं. इथे कम्पायलरचा दोष नव्हता. मी ही गोष्ट दुसऱ्या कारणासाठी सांगतोय. चार दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, पॅट्रियटच्या कार्यालयाने सगळीकडे सूचना पाठवली होती की यंत्रणा फार वेळ सलग चालवली तर नेम सरकू शकतो. 'फार वेळ' म्हणजे आठ तास, वीस तास की शंभर, हे सूचनेत लिहिलंच नव्हतं. सुधारलेलं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ तारखेला.

कम्पायलरच्या बटणांचंही असंच. चेतावणी असते, पण कुठे, किती स्पष्ट? जीसीसीच्या मॅन्युअलमध्ये फास्ट मॅथबद्दल लिहिलंय की मानकाच्या नेमक्या नियमांवर अवलंबून असलेल्या प्रोग्रॅमचं उत्तर याने चुकू शकतं. वाक्य प्रामाणिक आहे. पण माझा प्रोग्रॅम मानकाच्या नेमक्या नियमांवर अवलंबून आहे की नाही, हे ठरवायला मुळात ते नियम माहीत हवेत.

याहून मासलेवाईक उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. पुण्याची केपीआयटी कमिन्स बरीच वर्षं जपानच्या रेनेसास कंपनीच्या चिपसाठी जीसीसीचे तयार संच मोफत द्यायची आणि त्यांना सपोर्टही करायची. मोटर कंट्रोल, उपकरणं, गाड्यांचे भाग अशा कामांसाठीच्या या चिप. त्यात आरएक्स नावाच्या मालिकेच्या ऑप्शनची पानं उघडा. चिपमधलं फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर वापरायचं बटण दाबलं की गणितातल्या 'असुरक्षित' सवलतीही आपोआप चालू होतात, कारण त्या चिपच्या आज्ञाच मुळात त्या अर्थाने असुरक्षित आहेत, असं मॅन्युअल सरळ सांगतं. शिवाय प्रोग्रॅममध्ये 'डबल' लिहिलं असलं, म्हणजे सोळा अंकांची वही मागितली असली, तरी काही सांगितलं नाही तर तिथे ३२ बिटांची, सात अंकांचीच वही मिळते. लपवलेलं काही नाही, सगळं छापलेलं आहे. पण ते पान उघडणारा माणूस लागतो.

मॅन्युअल उघडायची सवय लावणारं एक काम पवईत झालं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चालायचं, जीसीसीच्या पोटात काय चालतं यावर कार्यशाळा व्हायच्या, त्यांचं साहित्य सगळ्यांना खुलं असायचं. इतकं मोठं सॉफ्टवेअर जगभर फुकट मिळतं, पण समजावून सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ही त्यामागची अडचण.

बटणं न दाबताही घोळ होतो. जुन्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं गणित ८० बिटांत चालायचं आणि आकडा मेमरीत ठेवताना ६४ बिटांवर यायचा. कम्पायलरने आकडा आत ठेवला की बाहेर, यावर उत्तर बदलायचं. एकच आकडा दोनदा काढून तुलना केली तर 'समान नाहीत' असं उत्तर यायचं. जीसीसीच्या तक्रारवहीत ही ३२३ क्रमांकाची तक्रार २००० सालची. कम्पायलरवाले म्हणायचे दोष प्रोसेसरचा, वापरणारे म्हणायचे दोष तुमचा, आणि तीच तक्रार नवनवी माणसं पुन्हा पुन्हा घेऊन यायची. सी भाषेसाठी धड बटण २०१० मध्ये मिळालं.

दुसरा घोळ जास्त गंभीर वाटतो मला. लिनक्सवर एखादी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड, फास्ट मॅथ लावून बांधली असेल, तर ती नुसती जोडल्याने तुमच्या प्रोग्रॅममधली प्रोसेसरची सेटिंगच बदलायची आणि अतिसूक्ष्म आकडे थेट शून्य व्हायला लागायचे. बटण दुसऱ्याने दाबलं, उत्तर तुमचं बदललं. तक्रार २०१२ पासून नोंदलेली होती. २०२२ मध्ये एका संशोधकाने पायथॉनची कितीतरी पॅकेजं असं करतात हे दाखवून दिलं, आणि २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये ते बंद झालं. अकरा वर्षं.

लासलगावच्या कारकुनाकडे परत या. तो हुशार असेल तर वहीत न मावलेले ४ क्विंटल बाजूला चिठ्ठीवर लिहील आणि पुढच्या बेरजेत धरेल. ही युक्ती कहान यांनीच १९६५ मध्ये छापली, आणि आजही काटेकोर बेरजेसाठी ती वापरतात. आता फास्ट मॅथ लावा. कम्पायलर शाळेतल्या बीजगणिताने बघतो : बेरीज केली, त्यातून मूळ आकडा वजा केला, मग नवा आकडा वजा केला, म्हणजे शून्य. मग ही चिठ्ठी हवी कशाला? आणि तो चिठ्ठी काढून टाकतो. प्रोग्रॅमरने काळजी घेतली, ती कोडमध्ये दिसते, तपासणाऱ्याने वाचून शिक्काही मारला. चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती नाही.

विम्याच्या दृष्टीने आणखी वाईट एक सवलत आहे. हवामान केंद्राचा सेन्सर बिघडला, आकडाच आला नाही, तर प्रोग्रॅममध्ये तिथे 'नॅन' नावाची खूण ठेवण्याची पद्धत आहे, अर्थ 'ही संख्या नाही'. आणि पुढे तपास असतो, खूण दिसली तर हा दिवस बाजूला काढा. फास्ट मॅथमधली एक सवलत कम्पायलरला सांगते की नॅन आणि अनंत कधी येणारच नाहीत असं धरून चाल. कम्पायलर आज्ञाधारक. कधी येणारच नाही, तर तपास कशाला, म्हणून तो तपास उडवतो. मग नॅनशी कोणतीही तुलना 'नाही' असं उत्तर देते. पाऊस मर्यादेच्या वर गेला का? नाही. तापमान खाली उतरलं का? नाही. बंद यंत्राचा दिवस बिनतक्रार चांगला दिवस ठरतो. आपल्याकडे असं घडलंय असा माझा आरोप नाही. पण असं घडलं तर ते कोड वाचून सापडणार नाही, बटणांची यादी लागेल.

आता दुसरी बाजू, कारण हवामानवाले मित्र रागावतील. त्यांचं म्हणणं असं की वातावरणच असं आहे की सूक्ष्म फरक वाढत जातो, मग शेवटच्या अंकाचं कौतुक किती करायचं? मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं मूळही एका तोडलेल्या दशांशातच आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झने हवामानाचं छोटं मॉडेल मधूनच पुन्हा सुरू करताना ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचं ०.५०६ भरलं, आणि थोड्याच वेळात दोन्ही उत्तरं पूर्ण वेगळी झाली. म्हणून आज एकच अंदाज काढत नाहीत, सुरुवातीचे आकडे मुद्दाम थोडे हलवून अनेक अंदाज काढतात आणि त्यांचा एकत्र विचार करतात. पुण्याच्या आयआयटीएममध्ये आधी प्रत्यूष, २०२४ पासून अर्क, ही मशीनं याच कामासाठी आहेत.

पण बटणाने येणारा फरक नुसता इकडेतिकडे हलणारा नसून एकाच बाजूला झुकलेला असेल तर? अमेरिकेतल्या हवामान संशोधकांनी २०१५ च्या सुमारास यासाठी चाचणी बनवली : नव्या मशीनवर, नव्या कम्पायलरवर मॉडेल चालवा आणि निघालेलं हवामान जुन्या निकालांच्या गर्दीत बसतं का बघा. मिरा नावाचं मशीन नापास होत होतं. शोधल्यावर कारण निघालं गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी आज्ञा, जिच्यात मधलं राउंडिंग वगळलं जातं. एरवी ती जास्त अचूक मानतात. ती वापरायचं बटण बंद केलं आणि मशीन पास झालं. जीसीसीमध्ये, प्रोसेसरला ती आज्ञा येत असेल आणि तुम्ही ती वापरायला परवानगी दिली असेल, तर हे बटण न सांगता चालूच असतं. इंटेलच्या कम्पायलरमध्ये तर न सांगता मिळणारं गणितच 'फास्ट' जातीचं. काटेकोर हवं असेल तर तसं लिहून मागावं लागतं.

गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं की छातीला, हे गोदाघाटावर उभ्या कुणालाही कळतं, त्यावर वाद होत नाही. मारुती काही आयएसआय मार्कचा नाही. पण मोजायचा नियम सगळ्यांना दिसतो. विम्याच्या हिशोबात केंद्राचे आकडे थोडेफार तरी दिसतात, नियम दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या वेळी जिल्ह्यातल्या शेतकरी संघटना किंवा लोकप्रतिनिधी विमा कंपनीकडे, कृषी खात्याकडे आकडे मागतील, तेव्हा सोबत चार गोष्टी मागाव्यात. बेरीज किती अंकांत होते. राउंडिंग कधी करता, रोज की हंगामाच्या शेवटी. आकडा आला नाही तर त्या दिवसाचं काय करता. आणि हिशोबाचा प्रोग्रॅम कोणत्या कम्पायलरच्या कोणत्या आवृत्तीने, कोणते ऑप्शन लावून बांधला. पहिले तीन प्रश्न तलाठ्यालाही समजतील, चौथ्याला समोरचा अधिकारी थोडा गोंधळेल, पण त्याचं उत्तर एका ओळीत मावतं.

'ती माहिती जपून ठेवलेली नाही' असं उत्तर येण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्यावर इलाज आहे. जीसीसीमध्ये एक ऑप्शन आहे जो बाकी कोणते ऑप्शन लावले होते ते तयार प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. वेगावर परिणाम शून्य, जागा काही बाइट. ही सोय २००८ पासून आहे. टेंडरच्या अटींमध्ये एक ओळ वाढवायची आहे. ती कशी लिहायची यात कुणाला मदत हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मसुदा करून देतो.